आत्याचे जिल्हे

माझी आत्या कुठल्याही पोराला बघता बघता सरकारी नोकरीला लावायची. पगार नाही, पेन्शन नाही, पण हुद्दा पक्का. रडत आलेलं पोर समोर उभं राहिलं की ती त्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही, चड्डीकडे बघायची. "खिसा हाय का? मग तलाठी हो. बिनखिशाचा तलाठी म्या अजून बघितला न्हाई." पोर रडणं विसरून खिसा चाचपायला लागायचं. खिसा फाटका निघाला तर त्याला वनखात्यात घ्यायची.

ही नेमणुकांची सवय तिला बहात्तरच्या दुष्काळात लागली. आमच्या मुखेडजवळच्या गावात पाझर तलावाचं काम निघालं होतं. आत्याचं सासर अहमदपूरकडचं. तिकडची विहीर आटली तशी ती नवऱ्याला घेऊन माहेरी मातीकामाला आली. बायका टोपल्या वाहायच्या आणि पोरं त्यांच्या पायात यायची, म्हणून मुकादमानं एका बाईला पोरं सांभाळायला बसवायचं ठरवलं. काम सावलीतलं, त्यामुळे सगळ्याच पुढे सरसावल्या. आत्या म्हणाली की मला मूल नाही, म्हणून सरकारी खाऊच्या, सुकडीच्या वाटपात मी कुणाच्याच पोराला जास्त घालणार नाही. हा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. तिला मूल नाही हे ती अशीच उघड सांगून टाकायची. लोकांना हळू आवाजात विचारायचं सुख तिनं कधी मिळू दिलं नाही.

आम्ही बौद्ध वस्तीतले. गावातल्या शेतकरी बायकांनी सुरुवातीला आपली पोरं आपल्याच पदराला धरून काम केलं. ऊन चढत गेलं तसं एकेक पोर आत्याच्या लिंबाखाली येऊन बसलं. शेवटी पाटलाचा नातूही आला. आत्यानं त्याला पाणीवाला नेमलं. हातात तांब्या दिला आणि सांगितलं की सगळ्या पोरांना पाजून झाल्याबिगर आपण प्यायचं नाही, तसा कायदाच आहे. त्याच्या आईनं टोपली डोक्यावर घेऊन जाता जाता ते पाहिलं आणि काही न बोलता पुढे गेली. त्या वर्षी बोलण्यापुरतीही ओल कुणाच्या घशात नव्हती.

एकदा तिची नेमणूक अंगलट आली. एका पोराला तिनं मुकादम केलं होतं. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की खऱ्या मुकादमाची शिट्टी खुंटीवरून काढून भर कामात फुंकली. जेवणाची सुट्टी झाली समजून सगळ्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. मुकादम पाय आपटत आला, तर आत्या त्यालाच म्हणाली की पोरानं काम चोख केलंय, तुमच्यापेक्षा शिट्टी मोठी वाजली. मुकादम हसला, आणि एकदा हसल्यावर त्याला पुन्हा रागावता येईना.

तिचं म्हणणं असं होतं की पोराला खेळणं देऊ नये, काम द्यावं. खेळणं मोडतं, काम सरत नाही. आणि खोटं बोलायला तिची कधीच ना नव्हती. "खोटं बोलावं, पर पोराला पटंल असं. मोठ्याला पटलं न्हाई तरी चालतंय."

पुढे लातूर उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला. आत्याचं सासर एका रात्रीत दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. सासू मात्र तीच राहिली, अशी तिची तक्रार होती. पण या घटनेतून तिनं जे उचललं ते कुठल्या पुढाऱ्यालाही सुचलं नसेल. उन्हाळ्यात ती आम्हा भावंडांना एसटीनं सासरी न्यायची, तिथून लातूर दाखवायला. मी तेव्हा शाळेत वरच्या वर्गात होते, पण खिडकीसाठी भांडायला वयाची अट नव्हती. एका फेरीत माझी आणि भावाची झटापट इतकी वाढली की आत्यानं बाकावर पदर आडवा टाकला आणि जाहीर केलं, की या अंगाला उस्मानाबाद, त्या अंगाला लातूर, हद्द ओलांडायची नाही. खिडकी उस्मानाबादेत गेली म्हणून मी कुरकुरले, तर तिनं लातूरला कंडक्टर दिला. म्हणजे गाडी कुठे आली, किती राहिली, हे कंडक्टरला विचारायचा हक्क फक्त लातूरचा. थोड्या वेळानं भाऊ खिडकी सोडायला तयार झाला, पण मी कंडक्टर सोडीना. जो फारच माजेल त्याची बदली गडचिरोलीला, म्हणजे मागच्या बाकावर, जिथे धूळही जास्त आणि आदळआपटही जास्त. कंडक्टरही रंगात आला. म्हणाला, "बाई, तुमच्याच हातात हाय तर मला जरा नांदेड डेपो द्या की."

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नांदेडला बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं आणि पुढे अमेरिकेला गेले. नवऱ्यामागून गेले नाही, माझ्या शिष्यवृत्तीवर गेले आणि नवरा माझ्यामागून आला. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते. आमची मुक्ता तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिला आत्याकडे ठेवून गेले. आत्याचा नवरा तोवर वारला होता, ती मुखेडला आमच्या घरीच राहायला आली होती. लोक बोलायचं ते बोलले. मला शिकायचं होतं आणि मी शिकले.

मात्र तीन वर्षांनी मुक्ताला न्यायला परत आले तेव्हा एक गोष्ट घडली. मी दारात उभी राहून तिला हाक मारली, तर ती माझ्याकडे न बघता कोपऱ्यातल्या फोनकडे धावली. आईचा आवाज तिथून येतो, एवढंच तिला माहीत होतं. मी पुढे झाले तशी ती आत्याच्या लुगड्यात शिरली आणि आतून तिनं विचारलं की ही बाई कधी जाणार.

आत्या काही महिन्यांसाठी सोबत यायला तयार झाली. नंतर तिला परत यायचंच होतं, आणि तोवर मुक्ता माझी झाली नाही तर काय, या धास्तीनं मला अन्न गोड लागेना. मी तसं बोलून दाखवलं. आत्या म्हणाली, "काय ते इमानातच उरकून टाकू. घरला गेल्यावर ती माझ्या मागं लपंल. इमानात लपायला जागा न्हाई."

व्हिसाच्या मुलाखतीत साहेबानं दुभाष्याकरवी विचारलं, अमेरिकेला कशाला जाता. आत्यानं सांगितलं की दुष्काळात तुमची लाल ज्वारी खाल्ली, आता ती कुठं पिकते ते बघायचंय. दुभाष्यानं काय सांगितलं कोण जाणे, व्हिसा मिळाला.

विमानात मुक्ता खिडकीशी, मध्ये आत्या, कडेला मी. मी रंगीत खडू, चित्रांची पुस्तकं, टाळ्या वाजवणारं माकड असं बरंच काही आणलं होतं. खडू पहिल्या झटक्यात सीटखाली गेले आणि माकड आत्यालाच आवडलं. उडताना कान दुखू नयेत म्हणून आत्यानं पोरीच्या तोंडात गूळ-शेंगदाणे भरले, एक मूठ मलाही दिली. मग नेमणूक झाली. मुक्ता कलेक्टर. खिडकी तिचं ऑफिस, मधली सीट तिचा जिल्हा. माझी सीट आत्यानं नवीन जिल्हा म्हणून जाहीर केली आणि तिथं कलेक्टरनं एकदा पाहणीला जावं असं सुचवलं. कलेक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि पाहणी तहकूब केली.

पुढच्या सीटवर आमच्याच नांदेडचे एक वयस्क सरदारजी होते. ते सगळं ऐकत असावेत. मागे वळून, हात जोडून म्हणाले, "कलेक्टरसाहेब, गुडघे धरून राहिले. गरिबाचं काही बघा." मुक्तानं त्यांना उठून चालायचा हुकूम दिला. मग दौरा निघाला. पुढे कलेक्टर, मागे सरदारजी, त्यांच्यामागे माकड घेऊन आत्या, अशी वरात विमानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. वाटेत आणखी दोन-चार पाय आखडलेले लोक सामील झाले. हवाई सुंदरी ट्रॉली घेऊन आली तेव्हा दौऱ्यानं तिला वाट दिली नाही. दौरा तीन वेळा निघाला. प्रत्येक वेळी परत येताना मुक्ता माझ्या गुडघ्यांना हात न लावता, अंग चोरून आत शिरली.

मग आत्याची चूक झाली. पोरगी कंटाळून किरकिर करायला लागली, तशी आत्यानं सवयीनं ठोकून दिलं, की विमानाचा डायवर आपल्या मुखेडचा आहे, रडशील तर तो गाडी माघारी फिरवेल.  मुक्तानं हिशेब केला. आणि मग जिवाच्या आकांतानं रडायला लागली. गाडी माघारीच तर फिरवायची होती तिला. मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायची, विमान वळलं का, आणि पुन्हा सुरू. सगळं विमान आमच्याकडे बघत होतं. सरदारजींनी गोड गोळी देऊन पाहिली. मी हात पुढे केला तो तिनं झिडकारला.  मी सीटला डोकं टेकलं आणि मनात म्हटलं, ही पोरगी आता माझी होत नाही.

मग आत्यानं पदर तोंडावर ओढला आणि ती घोरायला लागली.

मुक्तानं तिला हलवलं. आत्या आणखी जोरात घोरली. मुक्तानं पदर ओढला, आत्यानं तो झोपेतच घट्ट धरला. माझी आत्या आयुष्यात कधी घोरली नव्हती. मी वाकून पाहिलं तर पदराच्या फटीतून एक डोळा टक्क उघडा होता, आणि त्या डोळ्यानं मला दम भरला की गप्प बस, हात पुढे करू नकोस.

मी गप्प बसले. फार अवघड गेलं. पोर रडतं आहे आणि आपण समोरच्या सीटची पाठ बघत बसायचं, हे एम.एस्सी.ला कुणी शिकवलं नव्हतं. रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. मग हुंदकेही थांबले आणि नुसती चुळबुळ राहिली. बराच वेळ चुळबुळ झाल्यावर ती उठली, आत्याच्या मांडीवरून चढून अलीकडे आली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघत म्हणाली,

"तू फोनमधली हायस ना?"

मी म्हटलं, हो.

"आजी उठंना. मुतायला कुठं जातेत ते तुला ठावं हाय का?"

मी म्हटलं, हाय. तिनं माझं एक बोट धरलं.

परत आल्यावर ती खिडकीकडे गेली नाही. माझ्या मांडीवर बसून तिनं मला विमानाचा पंख कसा हलतो ते समजावून सांगितलं आणि सांगता सांगताच झोपली. विमान उतरेपर्यंत आत्या अधूनमधून घोरत राहिली. एकदा मला वाटलं की ती खरंच झोपली आहे, पण तिचा हात वाकळ शोधत होता. मुक्ताची ती वाकळ तिनं मुखेडहून पिशवीत कोंबून आणली होती. न बघताच ती तिनं माझ्या मांडीवर टाकली.

त्यानंतरचे महिने आत्यानं आमच्या घरात नुसता आळस केला. मुक्तानं काही मागितलं की हिचे पाय दुखायचे, केस विंचरायला सांगितलं की हिला दिसायचं नाही. सगळं माझ्याकडे पाठवायची. मला वाटलं म्हातारपण आलं. पण मी कामाला गेल्यावर ती शेजारच्या पोरांबरोबर अंगणात दोरीवरच्या उड्या मारायची, हे मला शेजारणीनं सांगितलं.

ती परत निघाली तेव्हा विमानतळावर मुक्ता सामानाच्या गाडीवर बसून बापाला "जोरात, जोरात" म्हणून ओरडत होती. मी तिला बोलावलं. तिनं आजीचा पटकन मुका घेतला, हात हलवला आणि परत गाडीवर चढायला निघाली. सगळं मनासारखं झालं होतं. आत्याला जे करायचं होतं ते तिनं इतकं चोख केलं होतं की आता पोरगी हसत निरोप देत होती.

आत्या जागेवरच उभी राहिली. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग मुक्ताला जवळ ओढलं आणि तिच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला.

मुक्तानं भोकाड पसरलं आणि आत्याच्या गळ्यात पडली. आत्यानं तिला पोटभर रडू दिलं. मी काही बोलणार तेवढ्यात माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढं तरी मला घेऊन जाऊ दे की गं माय." आणि पिशवी उचलून आत गेली.

घरी येताना गाडीत मी पाहिलं, दंडावर लालबुंद वळ उठला होता. मी फुंकर घालायला वाकले, तर मुक्तानं दंड मागे घेतला आणि त्यावर हात ठेवला.