वशिल्याची तारीख

आमचा क्लब वाईट होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी आशा धरायला नको. स्कॉटलंडमधल्या एका लहान शहराचा, सगळ्यात खालच्या डिव्हिजनमधला क्लब. शनिवारी तीनला हरायला सुरुवात करायचा आणि पावणेपाचला हरून मोकळा व्हायचा. मी त्याच्या नादाला का लागलो, हे मला आजतागायत धड सांगता आलेलं नाही. आधी आम्ही कॉव्हेंट्रीत चुलतभावाकडे दोन वर्षं काढली. तिथे गणपती होता, दिवाळीचा फराळ होता, पत्ते खेळायला चौथा भिडू मिळायचा. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी लागली आणि आम्ही दोघं उत्तरेला आलो. इथे मराठी बोलायला मला बायको होती आणि बायकोला मी. आठवड्याचे सातही दिवस एकमेकांशीच बोलून दोघंही कंटाळलो होतो. एका शुक्रवारी आमच्या हॉस्पिटलातला एक पोर्टर, म्हणजे पेशंटच्या ट्रॉल्या ढकलणारा माणूस, म्हणाला, "उद्या काय करतोयस? मॅचला चल." मी गेलो, आणि पुढची बारा-तेरा वर्षं जातच राहिलो.

"अहो, हरायलाच जायचंय तर थर्मास कशाला?" बायको विचारायची. थर्मास भरून द्यायची मात्र तीच.

मॅचला आम्ही तिघं असायचो. मी, पोर्टर, आणि एक रिटायर्ड बस ड्रायव्हर. ग्राउंडला आमच्या बाजूला खुर्च्या नव्हत्या. सिमेंटच्या पायऱ्या आणि टेकायला लोखंडी कठडा, बस्स. हे ड्रायव्हर सात वर्षांचे असताना वडिलांच्या बोटाला धरून ज्या पायरीवर उभे राहिले, त्याच पायरीवर सत्तरी ओलांडली तरी उभे राहायचे. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', त्यामुळे वय, मान काही कळत नाही. पण मी मनातल्या मनात त्यांना अहो-जाहोच करायचो, काका म्हणायचो, म्हणून इथेही तसंच लिहितो.

हाफटाइमला चहा आणि गप्पा. गप्पांचे विषय तीन: क्लब, स्कॉटलंडचं स्वातंत्र्य आणि सरकारी हॉस्पिटल. क्लबची वाट चेअरमननं लावली, हॉस्पिटलची सरकारनं लावली आणि देशाची लंडननं लावली, यावर दोघांचं एकमत. पुढे काय करायचं, यावर मात्र दर शनिवारी जुंपायची.

"स्वतःचा देश पाहिजे," काका म्हणायचे.

"अकरा माणसांची टीम धड चालवता येत नाही आपल्याला," पोर्टर म्हणायचा, "देश कसला चालवताय?"

"निदान हरलो तर आपल्या हातानं हरू."

मग दोघंही माझ्याकडे वळायचे. तुमचं कसं जमलं रे? जसं काही मीच इंग्रजांना बोटीत बसवून दिलं होतं! माझा जन्म झाला तेव्हा इंग्रज जाऊन चार वर्षं झाली होती. स्वातंत्र्य म्हणाल तर मला झेंडावंदनाला मिळणारी लिमलेटची गोळी आठवते, आणि रांगेत उभं राहून भोवळ येऊन पडलेली पोरं. हे त्यांना सांगून काय उपयोग? मी आपला म्हणायचो, "वेळ लागला. भरपूर वेळ लागला." त्यावर काका फार गंभीरपणे मान हलवायचे.

हॉस्पिटलचा विषय निघाला की मला बोलायची इच्छाच नसायची. आठवडाभर तेच. लॅबमधली माणसं कमी केलेली, नळ्यांचे ट्रे तेवढेच. शुक्रवारी संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत दुखायचे. पोर्टरची पाठ गेली होती. आम्ही दोघं कुरकुर करायचो आणि काका ऐकून घ्यायचे. पण हॉस्पिटलला कुणी बाहेरच्यानं नावं ठेवली की भडकायचे. त्यांच्या लहानपणी डॉक्टरला फी द्यावी लागायची आणि आजारी माणसासाठी तो बोलवायचा की नको, यावर घरात भांडणं व्हायची. "आता कुणाला भांडावं लागत नाही," ते म्हणायचे. "थांबावं लागतं. थांबणं परवडलं."

आणि त्यांनाच थांबावं लागलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नव्वदीच्या मध्यावर तो इतका वाढला की समोरचा गोल सोडाच, मैदानाची पांढरी रेघही त्यांना दिसेना. ऑपरेशनच्या यादीत नाव लागलं होतं, पण यादी लांबलचक. तोपर्यंत मॅच त्यांना मी सांगायचो. "आपला उजवीकडचा पळतोय... पडला... उठला... बॉल त्यांच्याकडे गेला." निम्म्या वेळा ते मला दुरुस्त करायचे. पब्लिकच्या आवाजावरून त्यांना माझ्याआधी कळायचं. माझं फुटबॉलचं ज्ञान बेताचंच, हे त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते मलाच विचारायचे. पोर्टर मॅच बघताना शिव्यांखेरीज दुसरं काही बोलू शकत नसे, हेही कारण असेल.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की क्लबनं ग्राउंड विकलं. तिथे सुपरमार्केट होणार. क्लब गावाबाहेर, रिंग रोडच्या पलीकडे, खुर्च्यांच्या नव्या स्टेडियमवर जाणार. मे महिन्यात जुन्या ग्राउंडवरची शेवटची मॅच.

काका चहाचा कप दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग पुढच्या शनिवारी, क्लबचं नाही, देशाचं नाही, एवढंच म्हणाले, "मेच्या आधी डोळा झाला असता तर बरं झालं असतं. एकदा बघून घेतलं असतं." आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःसाठी काही मागताना मी ऐकलं, आणि तेही कुणाकडे मागत नव्हते.

मला चैन पडेना. घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मग विचारा की डॉक्टरांना," ती म्हणाली. "आपलेच आहेत."

आमच्या हॉस्पिटलमध्ये डोळ्यांचे एक सर्जन होते, नागपूरचे. माझी नि त्यांची ओळख जिन्यात 'काय, कसं काय' म्हणण्यापुरती. पण एवढी ओळख आपल्याला पुरते. आमची पिढी वशिल्यावर वाढलेली. गॅसचा नंबर, शाळेतला प्रवेश, मेलगाडीचं रिझर्वेशन, काहीही असो, कुणाचा तरी मेहुणा निघायचा आणि काम व्हायचं. त्यात चोरी करतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. उलट ज्याला वशिला लावता येत नाही तो माणूस घरात बिनकामाचा ठरायचा. माझे वडील तसे होते, आणि आईनं त्यांना ते जन्मभर ऐकवलं.

तर सर्जनना एका रविवारी जेवायला बोलावलं. बायकोनं भरली वांगी केली, मसालेभात केला, श्रीखंडासाठी दही दोन दिवस बांधून ठेवलं. ते एकटेच राहायचे. पोटभर जेवले, हात धुतले, आणि मी विषय काढला.

"जवळचे आहेत का तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"काकांसारखे आहेत," मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं.

"बघतो हं," ते म्हणाले. आठवडाभरानं जिन्यात भेटले तेव्हा न थांबताच सांगून गेले, "पत्र जाईल."

पत्र गेलं. एप्रिलच्या मधली तारीख. मॅचला चांगले चार आठवडे राहत होते. काका ते पत्र कोटाच्या आतल्या खिशात घालून ग्राउंडवर आले आणि हाफटाइमला पोर्टरला वाचायला लावलं. पोर्टरनं दोनदा वाचलं.

"समोरच्या घरातल्या बाईंना पत्र आलं नाही," काका म्हणाले. "त्यांचं नाव माझ्या दोन महिने आधी लागलंय. सकाळीच मी विचारून आलो. काहीतरी चूक झालीय."

आता, गप्प बसायचं की नाही? शहाण्या माणसानं गप्प बसायचं. पण नाही! माझी छाती फुगली होती. इतक्या वर्षांत या देशात मी पहिल्यांदा कुणाचं तरी काम करून दिलं होतं.

"चूक नाही," मी म्हणालो. "मी बोललो होतो सर्जनशी. ओळखीचे आहेत माझ्या."

मला वाटलं, पाठीवर थाप पडेल. 'त्यात काय एवढं, आपलंच काम' हे वाक्य मी इंग्रजीत जुळवूनही ठेवलं होतं. पोर्टरनं पत्राची घडी घातली आणि काकांच्या हातात दिली. माझ्याकडे बघितलंही नाही. बारा वर्षांत या माणसानं मला कधी परका मानलं नव्हतं, त्या क्षणी मानलं. ते मला अंगावर पाणी ओतल्यासारखं कळलं.

"म्हणजे माझ्या पुढे कोण होतं?" काकांनी विचारलं.

"पुढे म्हणजे?"

"यादीत. मला तारीख दिली म्हणजे कुणाची तरी मागे गेली. कोण ते?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"तेच म्हणतोय मी."

मला राग आला. खरंच सांगतो, लाज नंतर वाटली, आधी राग आला. "अहो, तुम्हाला मॅच बघायचीय ना? शेवटची? मग घ्या की तारीख! तुम्ही नाही म्हटल्यानं यादी काय लहान होणार आहे?"

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. "इतकी वर्षं इथे उभा राहून मी स्वतःचा देश मागतोय," ते म्हणाले. "तो मिळाल्यावर आपण हेच करणार असू, तर मग लंडननं काय वाईट चालवलंय?"

"आम्ही हेच केलं," मी म्हणालो. माझ्या तोंडून निघून गेलं. "स्वातंत्र्य मिळाल्यावर पहिलं काम हेच केलं आम्ही."

सेकंड हाफ सुरू झाला. त्या दिवशी काकांनी मला काय चाललंय ते विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्ही एक गोल खाल्ला, तो त्यांना आवाजावरून कळला.

सोमवारी त्यांनी फोन करून तारीख परत दिली. डोळ्यांच्या क्लिनिकच्या क्लार्कनं हे पोर्टरला सांगितलं आणि पोर्टरनं सगळ्या हॉस्पिटलला. नशीब, सर्जनचं नाव कुणी घेतलं नाही. पण नंतर ते मला जिन्यात दिसले की घड्याळाकडे बघायचे. ती तारीख पुढे कुणाला मिळाली कोण जाणे. समोरच्या घरातल्या बाईंना मिळाली नाही, एवढं नक्की. त्यांचं पत्र जूनमध्ये आलं.

"चांगलं करायला गेलात ना," बायको म्हणाली. मी जेवण टाकलं होतं, म्हणून तिनं समजूत घातली. पण मग भांडी घासता घासता तीच म्हणाली, "मलाही सुचलं नाही हो, की त्या यादीत दुसरं कुणी असेल म्हणून." आम्ही दोघंही हॉस्पिटलातच राबत होतो, ती कँटीनमध्ये, मी लॅबमध्ये. रोज ती माणसं बघत होतो, रांगेनं बसलेली. तरी सुचलं नाही.

पुढचे दोन शनिवार मी गेलो नाही. तिसऱ्या शनिवारी पोर्टर दाराशी आला. "तो विचारतोय तुला," म्हणाला. "मला मॅच नीट सांगता येत नाही म्हणतो." बास, एवढंच. माफी कुणी मागितली नाही. बायकोनं न विचारता थर्मास भरला.

मेमधली ती शेवटची मॅच शून्य-शून्य झाली. त्यांना दाखवण्यासारखं काही घडलंच नाही. ते कठड्याला धरून नव्वद मिनिटं उभे होते, मान ताठ, डोळे उघडे, आणि मी घसा बसेपर्यंत सांगत होतो. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात उतरले. कुणी गवताचा तुकडा उपटून पिशवीत भरत होतं, दोन मोठी माणसं गोलची जाळी कापत होती, एक बाई मधोमध नुसती उभी होती. "काय चाललंय?" काकांनी विचारलं. मी म्हणालो, "लोक घरी चाललेत." एप्रिलमधली ती तारीख माझ्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती, आणि चीड कुणाची यावी तेच कळत नव्हतं. त्यांची, यादीची, की माझी.

जुलैच्या शेवटी त्यांचा नंबर आला. नीट, रांगेनं, कुणाच्याही पुढे न जाता. एक डोळा झाला, उत्तम झाला. ऑगस्टमध्ये एका दुपारी त्यांनी मला फोन केला, "गाडी काढ."

ग्राउंडभोवती पत्रे लावले होते. फाटकावर भला मोठा बोर्ड होता. ते गाडीतून उतरले आणि रस्त्याच्या पलीकडूनच तो बोर्ड मोठ्यानं वाचू लागले: येथे लवकरच सुपरमार्केट, पार्किंग मोफत, आत येताना हेल्मेट घाला. अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचली. मग वळून माझ्याकडे बघितलं, पहिलीतलं पोर बघतं तसं.

"छान वाचलंत," मी म्हणालो.

फाटकाला हातभर फट होती. आत सगळी माती. पायऱ्या नव्हत्या, कठडे नव्हते, गोल कुठल्या बाजूला होता तेही कळत नव्हतं. एक पिवळं मशीन उभं होतं आणि त्याच्या सावलीत दोन कामगार सँडविच खात होते. काकांनी कपाळावर हात धरून खूप वेळ आत बघितलं.

"आपली पायरी कुठे होती रे?"

मला काहीच ओळखू येत नव्हतं. "ती तिथे," मी म्हणालो, "मशीनच्या डावीकडे."

ते तिकडे बघत राहिले. मग मान डोलावून म्हणाले, "बरोबर. तीच." आणि बघतच राहिले. मी उगाचच कुठेतरी बोट दाखवलं होतं.