जनतेची संमती

"मावशी, तुम्ही आत कुठे? ही नागरिकांची सभा आहे. पब्लिकने बाहेर थांबायचं."

हे बोलला तो टॉवरचा सेक्रेटरी. मुलुंडला आमच्या चाळीसमोर उभा राहिलेला तो टॉवर. सकाळीच त्याच्या घरी पोळ्या लाटून आले होते मी. आता तोच वॉर्ड ऑफिसच्या हॉलच्या दारात हात आडवा धरून उभा. आत एसी, खुर्च्या, वॉर्डाचा साहेब. बाहेर व्हरांड्यात आम्ही चाळीस बायका. आणि विषय कसला? आमच्याच संडासाचा. तो पाडून टॉवरवाल्यांना फिरायला ट्रॅक हवा होता. मग आम्ही जायचं कुठे? हायवे ओलांडून? माझी सून पोटुशी आहे.

मी मागे सरले. काम जाईल म्हणून घाबरले. त्याची लाज अजून वाटते.

मग शिपाई चहा-समोसे घेऊन आला. "हजेरीची सही करा आधी." कागदाचा वरचा भाग कोरा होता. मी दहावी झालेली, म्हणून सगळ्यांना मीच दाखवलं, सही कुठे करायची ते. मूर्ख मी!

आठ दिवसांनी संडासाच्या भिंतीवर नोटीस लागली. जनतेच्या संमतीने पाडणार म्हणे. तीन खेपा घातल्या तेव्हा ऑफिसात कागद दाखवला. खाली आमच्या सह्या, पहिली माझी. वर नंतर टाइप केलेलं, "उपस्थित जनतेने एकमताने मंजुरी दिली." शेवटी, हे सगळं खरं आहे म्हणून सेक्रेटरीची सही.

डोकंच फिरलं माझं. खुर्ची द्यायची वेळ आली की आम्ही पब्लिक. सह्या हव्या असल्या की लगेच जनता होय रे?

साहेब म्हणाला, "बाई, जनतेचा निर्णय झालाय."

"जनता तुमच्यासमोर उभी आहे. नाही म्हणतेय. लिहून घ्या."

त्याने पेन उचललं नाही. मग आम्हीच लिहिलं. चाळीस जणींचे चाळीस अर्ज, प्रत्येकीचा नावानिशी वेगळा. शिवाय सेक्रेटरीवर खोट्या कागदाची तक्रार मी पोलिसांत दिली. त्याच्या घरचं काम त्याच दिवशी सोडलं.

काल त्याची बायको आली होती. "मावशी, मिटवून टाका ना. ह्यांचं बीपी वाढलंय हो."

वाढू दे. मला बरं वाटलं ऐकून, खोटं कशाला बोलू?

संडास पाडायला आले तर आम्ही चाळीसजणी आडव्या पडणार. आणि संडास वाचला, तरी तक्रार मागे घेणार नाही मी. त्या माणसाला कोर्टात उभा करणार, आणि त्या कागदावरची जनता कोण, ते त्याच्याच तोंडून वदवून घेणार.