आक्काच्या माठाचं चित्र

निपाणी-चिकोडीकडच्या माझ्या लोकांनो, आपलं कुणी काही जपत नाही, ही आपली कायमची तक्रार. मी स्वतः ती किती स्टेजवरून ओरडून सांगितली आहे!

पण माणूस गेला की त्याचा माठ आपणच फेकतो.

सुतक आलं, मातीची भांडी बाहेर. रिवाज आहे.

माझ्या थोरल्या बहिणीनं, सदलग्याच्या आक्कानं, हा रिवाज कधी मोडला नाही. ती फक्त आधी जाऊन बसायची. वॉटरकलरची पेटी, एक कागद, आणि समोर गेलेल्या माणसाचं मडकं.

गावातल्या बायकाच निरोप धाडायच्या, "आक्का, भांडी उद्या काढणार हाय. तेवढं येऊन जावा."

हात लागून गुळगुळीत झालेला काठ, बुडाची काजळी, माठावर फुललेला पांढरा खार. सगळं कागदावर यायचं. चित्र त्या घरालाच देऊन यायची.

एका घरच्या जावयानं चिडवलं, "सासूबाईंचं सोडून मडक्याचं चित्र काय काढताय वो आक्का?"

"फोटोत तुमची सासू उसनी साडी नेसून बसलीया, जावईबापू. मडकं तरी तिचं सोताचं हाय!"

गेल्या वर्षी याच दिवशी आक्का गेली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूनं तिचा माठ उचलून अंगणात आणला.

मी म्हणालो, "थांब."

"का रं? कुणाची वाट बघतोस?"

जिची वाट बघायची, तिला आदल्या दिवशीच पोचवून आलो होतो.

मग तिची पेटी घेऊन मीच बसलो. भरल्या मैदानात बोलणारा माणूस मी. एक वाटोळी रेघ जमेना. रंग पसरला, कागद फुगला.

"सोड की आता," काकू म्हणाली. "ऊन वर आलं."

माठ गेला.

सदलग्यात इतक्या घरांत मडक्यांची चित्रं आहेत. आक्काच्या माठाचं एकही नाही.

आता आक्काच्या घरात मी एकटा राहतो. पाणी बाटलीतून पितो. सभेत कितीही बोललो तरी घरी आल्यावर "जेवलास व्हय रं?" विचारणारं कुणी नाही.

आक्का, नमस्कार गं.

आणि दर रविवारी आक्काच्या ड्रॉइंग क्लासला येत होतात त्या सगळ्यांनो, तुम्ही त्या माठातलं पाणी प्यायला आहात. तो कसा होता, तुम्हाला ठाऊक आहे.

आज बसा. आठवून तो माठ रंगवा आणि मला आणून द्या.

बिघडला तरी चालेल. मी घरीच आहे.