हात जागेवर, टोक खाली

माळा आवरताना तलवारबाजीचा जुना जाळीचा मास्क हाताला लागला. नाकाजवळ नेला तर आत अजून तोच वास, लोखंडाचा आणि घामाचा. वर्तकनगरचा आमचा सरावाचा हॉल डोळ्यांसमोर आला.

एका संध्याकाळी सर मला खालून पोटावर येणारा वार अडवायला शिकवत होते. आई बाकावर बसून बघत होती. ती गावच्या संघातून कबड्डी खेळायची, लग्नानंतर सुटलं. मग तिने मला शिकवलेली. सरांनी पाय पुढे टाकून वार केला, तशी आई सवयीने ओरडली, "अगं, पाय धर." मी तलवार टाकून सरांचा घोटा पकडला.

सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर म्हणाले, "वाकायचं नाही. हात जागेवर ठेव, टोक तेवढं खाली सोड, आणि समोरच्याची तलवार बाहेर ढकल."

बरेच वार खाल्ले. मग एकदा पात्यावर पातं हलकंच वाजलं आणि वार मला न लागता बाजूने निघून गेला. मी खुशीत आईकडे पाहिलं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मिटलेली छत्री धरून, हात जागेवर ठेवून, ती हळूच टोक खाली सोडत होती.

तेव्हा वाटलेलं, तिला असं कोणी बघू नये. आज मी तिच्या त्या वयाची आहे. हॉलच्या कपाटात जास्तीचे मास्क होते. तुला खेळून बघायचंय का, असं तिला कोणी विचारलंच नाही.