शारदावहिनींनी पास करून आणलेली गाडी

पुतणीचा फोन आला तेव्हा मी बाजारात भाजी घेत होतो. "काका, आई गेली..." एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलवेना. सकाळी देवपूजा करून वहिनी ओटीवर येऊन बसल्या होत्या, चहा मागितला होता, आणि चहा येईपर्यंत मान कलली होती. कुणाला त्रास नाही, कुणाची धावपळ नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं करत राहिलेल्या बाईनं स्वतःचं मात्र कुणाला काही करू दिलं नाही. त्याला आता महिना होऊन गेला. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण वहिनींची कुठली ना कुठली आठवण सांगतो. मला मात्र राहून राहून आठवतं ते गाडीचं पासिंग.

शारदावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. आमचं मूळ गाव दिघाशी, पण दादानं भिवंडीत कामतघरला लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकले आणि तिथंच घर बांधलं. दादा हौशी माणूस. मुंबईच्या एका गृहस्थाकडून त्यानं परदेशी बनावटीची, दोन दारांची स्पोर्ट्स कार विकत घेतली. लालभडक, बुटकी, जमिनीला पोट टेकेल अशी. भिवंडीच्या खड्ड्यांतून ती चालायची म्हणजे म्हाताऱ्या माणसानं निसरड्यावरून चालावं तशी. गल्लीतली पोरं तिला 'चपटी' म्हणायची. वहिनींना ती मुळीच आवडत नसे. "टेम्पो घेतला असता तं सूत तरी आणलं असतं," असं त्या तोंडावर बोलायच्या. दादा नुसता हसायचा आणि फडक्यानं बॉनेट पुसायचा.

मग दोन हजार सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत कधीतरी दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. इतका बोलका माणूस खुर्चीत बसून भिंतीकडे पाहत राहायचा. येणारेजाणारे त्याच्यासमोरच वहिनींना विचारायचे, "कसे आहेत? काही समजतं का त्यांना?" वहिनींनी लूमचा कारभार हातात घेतला, शिफ्ट लावल्या, कारागिरांशी हिंदीत भांडायला शिकल्या. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून होती. एकदा मेकॅनिक यासिनभाईंनी बॅटरी बघायला म्हणून इंजिन चालू केलं आणि खुर्चीतल्या दादानं झटकन मान वर केली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्याचे डोळे हसले. वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं.

पण गाडीची नोंदणी संपत आली होती. पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओला दाखवून पुन्हा पास करून घ्यावी लागते, पुढंही दर पाच वर्षांनी, नाहीतर ती रस्त्यावर आणता येत नाही. घरातले सगळे म्हणाले, भंगारात द्या. मीही तेच म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, यांना गाडीतून फिरवायचं हाय. ती पास करायची." मी विचारलं, चालवणार कोण? "मी," म्हणाल्या. आणि चाळिशी उलटलेल्या वहिनी, पदर कमरेला खोचून, मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत जाऊन बसायला लागल्या. लोक हसले. हसू दे, म्हणाल्या. लायसन्स हातात आलं तेव्हा त्यांनी ते आधी दादाच्या मांडीवर नेऊन ठेवलं.

पहिल्या खेपेला गाडी नापास झाली. पासिंगच्या मैदानातल्या चढावर इन्स्पेक्टरनी हँडब्रेक लावायला सांगितला तर गाडी सावकाश मागं घरंगळली. ते एक वेळ दुरुस्त झालं असतं. खरी अडचण पुढं होती. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर, ज्याच्यावर कागद धरून पेन्सिलनं छाप घेतात, तो कुठं सापडेना. इन्स्पेक्टर वाकले, मी वाकलो, यासिनभाई तर पाठीवर आडवे होऊन गाडीखाली शिरले. "नंबर दिसल्याशिवाय ही गाडी तुमचीच आहे हे मी कशावरून मानू?" इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले. त्यांचं चूक नव्हतं.

घरी परत आल्यावर यासिनभाईंनी हँडब्रेक नीट केला. मग बॉनेट उघडून, चाकं काढून, रंग खरवडून नंबर शोधला. शेवटी हात पुसत म्हणाले, "भाभी, गंज में गया होगा. आता सोडून द्या, मैं भी थक गया." मीही मान हलवली. वहिनी एकदम म्हणाल्या, "आपण सगल्यांना विचारलं, पण ज्याची गाडी हाय त्याला कुठं विचारलं?"

त्यांनी दादाची खुर्ची अंगणात आणवली. गाडीवर हात ठेवून विचारू लागल्या, "इथं हाय का? इथं?" दादा मान हलवत होता. नाही... नाही... मग चिडला, घशातून आवाज काढायला लागला. मला वाटलं, उगाच त्याला त्रास. "वहिनी, असू दे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. दादाच्या पुढ्यात उकिडव्या बसून म्हणाल्या, "घाई न्हाय. तुमी सांगा, मी बगते." तेव्हा दादानं डावा हात उचलून गाडीच्या दाराकडे केला. त्याला आत बसायचं होतं. मी आणि यासिनभाईंनी त्याला उचलून डावीकडच्या सीटवर बसवलं. त्यानं दम घेतला, मग तो चांगला हात सावकाश खाली नेला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात पायाखालची चटई ओढायला लागला. चटईखाली डांबरासारखा काळा जाड थर होता. पावसाच्या पाण्यानं पत्रा सडू नये म्हणून त्यानंच कधीतरी तो लावून घेतला असणार. यासिनभाईंनी रॉकेलचं फडकं घासलं, आणि एकेक आकडा वर यायला लागला. "या अल्ला," यासिनभाई एवढंच म्हणाले. दादा हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींनी पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "एवढे दिवस म्हाईत होतं आनि गप बसलात होय?" त्यावर तो आणखीच हसला.

दुसऱ्या खेपेला त्या दादाला शेजारी बसवूनच गेल्या. मी यासिनभाईंच्या स्कूटरवर मागून गेलो. चढावर गाडी खिळून उभी राहिली. छाप निघाली, दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं झालं. इन्स्पेक्टरनी सवयीनं माझ्याकडे वळून विचारलं, "गाडी तुमची का?" वहिनी आतूनच म्हणाल्या, "मालक इथं बसलेत साहेब. त्यांच्याशी बोला. बोलता येत न्हाय, पन ऐकतात सगलं." तो भला माणूस गाडीला वळसा घालून आला, दादाच्या खिडकीशी वाकला, म्हणाला, "गाडी छान ठेवलीय तुम्ही. पास केली." दादानं डावा हात बाहेर काढला आणि त्यांनी तो दोन्ही हातांत धरला. दादाशी थेट बोललेला बाहेरचा माणूस मी त्या आजारपणात तोवर पाहिला नव्हता.

त्यानंतर दर रविवारी सकाळी चपटी भिवंडी-वाडा रस्त्याला लागायची. अंबाडी नाक्यावर चहा, वहिनी बशीत ओतून दादाला पाजायच्या, आणि परत. दादा आणखी चार वर्षं जगला. चांगला जगला, असं मी म्हणेन. तो गेल्यावर वहिनी गाडी विकतील असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या पासिंगची वेळ आली तेव्हा त्यांनी ती पुन्हा पास करून आणली, एकटीनं. कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

परवा पुतणी म्हणाली, "काका, गाडी जरा चालू करून बघा ना." मी चालकाच्या जागी बसलो. वहिनी बुटक्या, सीट पार पुढं ओढलेली, माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. समोर, काचेच्या खाली, बांगडीवाल्याकडे मिळतो तसा एक छोटा गोल आरसा चिकटवलेला होता. मी कधी तो नीट पाहिला नव्हता. मागचा रस्ता दिसावा म्हणून असेल, असं वाटून मी त्यात डोकावलो. त्यात रस्ता दिसत नव्हता. दिसत होती फक्त शेजारची सीट... डोकं जिथं टेकतं, नेमकी तेवढीच जागा.