कारेगावच्या रिंगखाली

आप्पा मला डांब म्हणायचे. विजेचा डांब. त्या नावाचा मला कधी राग आला नाही, उलट बरं वाटायचं. घरापासून इतक्या लांब आल्यावर कुणी आपल्याला चिडवतंय म्हणजे आपण त्यांच्यातले झालो, असं मी धरून चाललो होतो.

मी भाताच्या मुलखातला, पार गोंदियाच्या पलीकडचा. नववीत शाळा सुटली, उंची मात्र वाढत राहिली. आप्पा तेव्हा बास्केटबॉलच्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका क्लबचे कोच होते आणि उंच पोरं शोधत राज्यभर हिंडत होते. एका स्पर्धेत त्यांनी मला पाहिलं आणि कारेगावला घेऊन आले. कारखान्यांच्या कडेला एक जुनं गोडाऊन होतं, त्यात लाकडी कोर्ट टाकलेलं. पगार, खोली, दोन वेळचं जेवण. बाकी सगळ्यांना बाजरीची भाकरी, माझ्यासाठी मात्र वेगळा भात शिजायचा, तोही आप्पांच्या सांगण्यावरून. हे मी आजही विसरत नाही. विसरता आलं असतं तर सोपं झालं असतं.

सरावात माझं काम ठरलेलं. रिंगखाली हात वर करून उभं राहायचं, उडी मारायची नाही. पोरं पळत येणार आणि माझ्यावरून बॉल टाकणार. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, उडी कधी शिकवणार म्हणून. आप्पा म्हणाले, उडी कुणालाबी येती, उभं राहाणं येत न्हाई, ते शिक आधी. मला पटलं. माझा स्वभावच घाबरट. काही चुकलं तर परत पाठवतील ही धास्ती कायम असायची, म्हणून मी आणखी ताठ उभा राहायचो. दर हंगामाला बारा जणांचा संघ निघायचा, त्यात मी नसायचो. दर वेळी आप्पा पाठीवर हात ठेवायचे. "घाई करायची न्हाई, डांबा. तुझी येळ यायचीय." आई फोनवर विचारायची, टीव्हीवर कधी दिसशील? मी तिला आप्पांचंच वाक्य सांगायचो.

एकदा मला ताप भरला तेव्हा त्यांनी मला राहूला, त्यांच्या गावी, स्वतःच्या घरी नेलं. त्यांच्या मागच्या पिढ्या मेंढरं घेऊन फिरल्या होत्या. आता घरचा ऊस होता, पण जत्रेतल्या टकरीसाठी एक तरणा मेंढा त्यांनी हौसेनं ठेवला होता. त्याच्या शेजारी एक म्हातारा मेंढा, कपाळ घासून गुळगुळीत झालेला. सकाळी आप्पा म्हाताऱ्याला आखूड दाव्यानं खुंटीला बांधायचे आणि तरण्याला त्याच्यावर सोडायचे. म्हाताऱ्याला मागं सरून धाव घेता येऊ नये म्हणून दावं आखूड. तरण्याला सुरुवातीलाच हरायची सवय लागली तर तो पुन्हा डोकं लावत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मी घोंगडी पांघरून ओसरीवर बसलो होतो. जनावरासाठीसुद्धा हा माणूस किती धीर धरतो, असं माझ्या मनात आलं. आणि वाटलं, आपलंही असंच करतायत, जपून, हळूहळू.

त्याच्या पुढच्या वर्षी शिरूरकडचा एक पोरगा आला. बागायतदाराचं घर, वडील साखर कारखान्याच्या राजकारणातले. हात फार छान होता त्याचा, पण समोर कुणी उभं असलं की डोळे मिटायचा. आप्पांनी त्याला रोज माझ्यावर घातला. बाकीचे हसायचे, हात लावून बघ रे, डांबाला शॉक न्हाई, असं म्हणायचे. मीही त्याला सांगायचो, डोळे उघड, मी काही करणार नाहीये. पावसाळा सरेपर्यंत त्याचे डोळे उघडले. तो मला दादा म्हणायचा आणि खरंच जीव लावायचा. संघ निघाला, त्यात तो होता. मी नव्हतो.

त्याचे वडील पेढे घेऊन आले. कोर्टवर सगळे जमले होते. आप्पांनी मला हाताला धरून पुढं ओढलं आणि वडिलांना म्हणाले, "पेढा आधी ह्याला द्या. ह्याच्या अंगावर तुमचं पोरगं तयार झालंय. ह्याला आणला तवाच मला म्हाईत होतं, हा खेळायचा न्हाई. पन असा उभा राहणारा मिळत न्हाई."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. तेच मला अजून सोसत नाही. वडिलांनी शाल आणली होती. ती खांद्यावर घालायला त्यांचा हात पुरेना, तेव्हा मी वाकलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी तो पोरगा पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. माझं तोंड पाहून गोंधळला असावा.

"दादा, तुम्हाला ठावं नव्हतं व्हय?"

मी खांद्यावरची शाल काढून तिची घडी घालू लागलो.

"आमाला तर पयल्याच दिवशी सांगितलं हुतं आप्पांनी. ह्यो अडवत न्हाई, बिनधास्त जा म्हणून. मला वाटलं, तुमचं आन् त्यांचं ठरलेलं हाय."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. भात शिजवणाऱ्या मावशींनाही असेल. आईला मी फोनवर जे सांगत होतो ते खरं मानणारे आम्ही दोघंच होतो, ती आणि मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी नेहमीसारखं रिंगकडं बोट दाखवलं. मी जाऊन उभा राहिलो, हात वर केले. पोरगा आला, डोळे उघडे, अगदी सहज. बॉल त्याच्या हातातून सुटला आणि मी उडी मारली.

मला कुणी शिकवलेली नव्हती ती. तरी हात बॉलवर असा पडला की बॉल पत्र्यावर आदळून दाराबाहेर गेला. पोरगा खाली बसला.

"उडी कुणी सांगितली?" आप्पा म्हणाले.

मी बाहेर जाऊन बॉल घेऊन आलो. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, फुटला असता. तो पोराच्या हातात दिला आणि आप्पांना म्हणालो, मी जातो.

ते बराच वेळ माझ्या पायांकडं बघत होते. उडी आवडली होती की राग आला होता, मला आजही सांगता येणार नाही. राहा असं काही ते म्हणाले नाहीत.

"जेवून जा," म्हणाले.

मी जेवायला बसलो. भात होता, माझ्यापुरता वेगळा शिजवलेला. आप्पांनी स्वतः वाढला, दुसऱ्यांदाही वाढला. मी नको म्हणालो नाही.