व्यवसायाचा रकाना

नॉटिंगहॅमजवळच्या आमच्या खेड्याच्या इतिहास मंडळासाठी मी एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेची पानं कॉम्प्युटरवर उतरवत होते. पुरुषांच्या नावापुढे व्यवसाय लिहिलेला: लोहार, खाटीक, आणि घरोघर मोजे विणणारे. त्यांच्या बायकांच्या रकान्यात नुसती रेघ.

शेजारी बसलेल्या ऐंशी वर्षांच्या इंग्रज बाई म्हणाल्या, “नवरा मोजे विणायचा, त्यांना शिवण बायको घालायची. खिडकीपाशी बसून, पार डोळे जाईपर्यंत.”

मग लिहिलं का नाही? माझं डोकंच फिरलं. रेघा ओढणाऱ्या त्या मेल्या कारकुनाला मी मराठीत मनसोक्त शिव्या घातल्या. बाईंना अर्थातच काही कळलं नाही.

घरी चालत येताना आई आठवली. पुढच्या खोलीत मशीन मांडून ती पंधरा वर्षं इथल्याच एका फॅक्टरीसाठी पँटचे खिसे शिवत होती. आमच्या भातातसुद्धा दोरे निघायचे. ती गेली तेव्हा मृत्यूची नोंद करायला कौन्सिलच्या ऑफिसात मीच गेले होते. टेबलापलीकडच्या मुलीने हळू आवाजात विचारलं होतं, “त्यांचा व्यवसाय?”

“काही नाही,” मी म्हणाले होते. “घरीच असायची.”